नेव्हीतल्या तात्यांची पेटी, पदकं आणि होडी : कामाच्या नोंदी

सांगलीच्या गावभागातले तात्या नौदलात शिपराइट होते. शिपराइट म्हणजे जहाजावरचा सुतार. जहाजावरच्या बोटी, दारं, शिड्या, लाकडी डेक ही त्याची नेहमीची कामं, आणि जहाजाला भोक पडलं तर टेकू-पाचरी ठोकून पाणी अडवणं हे वेळप्रसंगीचं. 1963 साली भरती, 1978 साली पंधरा वर्षं पुरी करून निवृत्ती, त्यानंतर सांगलीत सुतारकामाचं दुकान. 2023 मध्ये ते गेले. कुटुंबाच्या इच्छेवरून इथं नाव दिलेलं नाही. गल्लीत तसंही कुणी त्यांना नावानं ओळखत नव्हतं.

त्यांच्या वस्तूंचा एक कायमचा कोपरा वाचनालयाच्या मागच्या खोलीत करायचा, असं ठरलं. सातारा-सांगलीकडं घरोघरी फौजी आहेत, माळ्यावर ट्रंका आहेत. असंच काम दुसऱ्या कुणी काढलं तर उपयोगी पडावं म्हणून या नोंदी.

8 डिसेंबर 2024

सामान आलं: सागवानी हत्यारपेटी, पत्र्याची ट्रंक, आणि दुकानामागं पालथी पडलेली, तात्यांनी स्वतः बांधलेली चौदा फुटी होडी. तिन्ही वस्तू 2019 च्या पुरात बुडालेल्या. त्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी 45 फूट. पेटी आणि ट्रंक बरेच दिवस पाण्यात होती. नंतर ती उन्हात वाळवून तशीच बंद करून ठेवली गेली. गाळ आत सुकला.

पहिला नियम केला तो असा: नोंद होईपर्यंत काहीही पुसायचं नाही. घरच्यांना हे पटवायला वेळ लागला. पाहुणे येणार म्हणून आधी झाडून घ्यायची आपली सवय. पण गाळ कुठं साचलाय, गंज कुठल्या बाजूला आहे, कुठलं हत्यार कुठल्या खाचेत बसतं, हे पुसल्यावर कळत नाही. पेटीचा प्रत्येक कप्पा पट्टी शेजारी ठेवून फोटोत घेतला आणि मगच रिकामा केला. क्रमांकाची चिठ्ठी सुती दोऱ्यानं बांधायची, लिहायचं मऊ पेन्सिलीनं. बॉलपेनची शाई पावसाळ्यात पसरते. रबरबँड तर अजिबात नको, तो उन्हाळ्यात वितळून चिकटतो.

पेटीच्या तळाला शंकूच्या आकाराचे लाकडी गट्टू निघाले, अंगठ्याएवढ्यापासून मुठीएवढ्यापर्यंत. घरात कुणी त्यांना भोवरे म्हणत होतं, कुणी पाटाचे पाय. काही आधीच बंबात गेले होते. हे गट्टू म्हणजे जहाजाच्या कातड्याला पडलेलं भोक बुजवायचे बूच. लाकूड मुद्दाम मऊ घेतलेलं असतं, कारण मऊ लाकूड पाणी पिऊन लवकर फुगतं आणि भोकात घट्ट बसतं. भोवती कॅनव्हास गुंडाळून हातोडीनं ठोकायचे. दोनांवर कॅनव्हासच्या विणीचा ठसा अजून दिसतो. फौजी माणसाच्या सामानात ओळखू न येणारी लाकडी वस्तू निघाली तर जाळण्याआधी कुणा जुन्या खलाशाला फोटो पाठवा.

15 डिसेंबर

कागद. ट्रंकेत डिस्चार्जचे कागद, सेवेची पुस्तिका, पेन्शनचा आदेश आणि पत्रं. गाळानं सगळं एकमेकांना धरलेलं.

कोरडा गाळ कोरडाच काढायचा. पसरट मऊ ब्रश घ्यायचा, हात मधून कडेकडं. सुटा होत नाही तो डाग राहू द्यायचा. ओल्या कापसाचा बोळा एका कोपऱ्यात टेकवून पाहिला तेव्हा जांभळा शिक्का लगेच बोळ्यावर उतरला. फाउंटन पेनची निळी शाईही उतरते. पेन्सिल आणि टाइपरायटर टिकतात. एकाच पानावर तिन्ही असतील तर सगळ्यात नाजूक शाईचा नियम पूर्ण पानाला लावायचा.

पेन्शनच्या आदेशाला कुणीतरी पूर्वीच लॅमिनेशन केलेलं. पुरानंतर केलं असणार, कारण आत ओल अडकून बुरशीचे करडे ठिपके पडलेत. गरम लॅमिनेशन सोडवता येत नाही. सोडवायला गेलं की कागद प्लास्टिकबरोबर सोलून येतो. तो आहे तसा स्कॅन करून ठेवला. सेलोटेपचंही तेच. टेप वाळून पडते आणि चिकटा तपकिरी होऊन कागदात मुरतो. फाटलेल्या दोन पानांना पातळ जपानी कागदाच्या पट्ट्या गव्हाच्या खळीनं लावल्या. खळ हवी तेव्हा पाण्यानं सुटते, म्हणून ती. फेव्हिकॉल लाकडाला ठीक आहे.

अडचण मोठी निघाली ती दुसरीच. डिस्चार्जच्या कागदावरच्या सेवा क्रमांकातला एक आकडा आणि शेवटचं अक्षर गाळानं खाल्लेलं. क्रमांक पुरा नसेल तर नौदलाकडून नोंदी मागवता येत नाहीत.

29 डिसेंबर

क्रमांक पदकाच्या कडेवर सापडला.

आपल्या सैन्याच्या गोल पदकांच्या कडेवर, म्हणजे नाण्याला दाते असतात त्या जागी, क्रमांक, हुद्दा आणि नाव बारीक अक्षरात कोरलेलं असतं. स्टार असेल तर ते मागच्या बाजूला. तात्यांकडं ‘पूर्वी स्टार’ (1971 च्या युद्धात पूर्व आघाडीवर होते त्यांना मिळालेलं पदक), संग्राम मेडल, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल आणि नऊ वर्षं सेवेचं मेडल अशी चार. यातलं एक कुणीतरी दर पंधरा ऑगस्टला पितळ पॉलिशनं घासून चकचकीत ठेवलेलं. त्याची कड गुळगुळीत झालीये, अक्षरं बोटालाही लागत नाहीत. बाकीची काळवंडलेली होती म्हणून वाचली. संग्राम मेडलची कड टेबल लॅम्पच्या तिरक्या उजेडात फिरवत वाचली तेव्हा गेलेला आकडा आणि अक्षर दोन्ही मिळालं.

पदकं धातूची असली तरी भांडी नव्हेत. डिस्टिल्ड वॉटर, लहान मुलाचा मऊ टूथब्रश, लगेच सुती कापडानं टिपणं, एवढंच. मूळ रिबिनी विटलेल्या आणि गाळानं कडक झालेल्या, पण त्या फेकल्या नाहीत. कागदी पाकिटात ठेवल्या. नव्या रिबिनी 32 मिलिमीटर रुंदीच्या पुण्याहून कॅम्पातनं आणल्या. लावायचा क्रम: पूर्वी स्टार आधी, मग संग्राम, दीर्घ सेवेचं शेवटी.

नोंदींसाठी अर्ज जातो तो मुंबईत मानखुर्दला, कमोडोर, ब्युरो ऑफ सेलर्स यांच्याकडं. वारसाचा अर्ज, मृत्यूचा दाखला, नात्याचा पुरावा, पेन्शन आदेशाची प्रत आणि पुरा सेवा क्रमांक, एवढं जोडलं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कागद आधी दाखवून घेतले तर अर्ज नीट बसतो. वारसानंच सही करायची. वाचनालयाच्या लेटरहेडवर अर्ज करून उपयोग नाही.

12 जानेवारी 2025

फोटो. अल्बममधले सुटे निघाले. पाकिटातला एक गठ्ठा मात्र ओल्या पापडांच्या चवडीसारखा एकमेकांत बसलेला.

साठ-सत्तरच्या दशकातले कागदी कृष्णधवल फोटो जिलेटिनच्या थराचे असतात. जिलेटिन पाण्यात फुगतं आणि सुटतं, म्हणून असा गठ्ठा पाण्यात भिजवून सोडवता येतो. पण पाणी थंड हवं, 18 ते 20 अंश. कोमट पाण्यात थर मऊ होऊन चित्र वाहून जातं. आपल्याकडं हे काम डिसेंबर-जानेवारीतच करावं. एप्रिलात नळाचं पाणीच एवढं तापलेलं असतं की बर्फ घालून सांभाळावं लागतं.

आधी गठ्ठ्याच्या दिसणाऱ्या दोन्ही बाजू आणि कडा स्कॅन केल्या. मग पसरट ट्रेमध्ये डिस्टिल्ड वॉटर, वर तरंगू नये म्हणून प्लास्टिकची जाळी. अर्ध्या तासानं पहिला फोटो आपसूक सरकला. नखानं किंवा सुरीनं ओढायचं नाही, जो सुटत नाही तो आणखी भिजू द्यायचा. सुटलेला फोटो चित्र वर करून पांढऱ्या टीपकागदावर. कडा वळतात, पण वाळल्यावर वजनाखाली सरळ होतात.

बुरशीनं धरलेले फोटो मात्र वाचले नाहीत. बुरशी जिलेटिन खाते. पाणी लागताच थर शेवाळासारखा हातात आला. एका फोटोतले सगळे चेहरे गेले आणि मागचा तोफेचा बुरूज तेवढा राहिला. त्यानंतर नियम बदलला: मागून पिवळे-काळे ठिपके दिसणारा फोटो भिजवायचाच नाही, कोरडा आणि चिकटलेलाच ठेवायचा. रंगीत फोटो आणि अलीकडचे इंकजेटचे प्रिंट यांनाही पाणी दाखवायचं नाही.

स्कॅन कागदांचे 300 डीपीआय, फोटोंचे 600, पासपोर्ट आकाराचे 1200. फोनवरच्या स्कॅन अॅपनं काम झटपट होतं, पण ती कडा सरळ करण्याच्या नादात मागचं पेन्सिलीतलं लिखाण पुसट करतात. साधा फ्लॅटबेड स्कॅनर भाड्यानं आणला. दोन दिवसांचे आठशे रुपये.

एका फोटोच्या मागं ‘विक्रांत, बेलफास्ट’ असं पेनानं. घरच्यांची समजूत अशी की तात्या जहाज आणायला परदेशी गेले होते. विक्रांत ही विमानवाहू नौका उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला नौदलात दाखल झाली ती 4 मार्च 1961 ला. तात्यांची भरती 1963 ची. म्हणजे फोटो आधीच्या कुणा खलाशानं दिलेला. घरी हे सांगताना जपून सांगावं लागलं. फोटो भिंतीवर लागेल, पण खाली ‘तात्यांच्या संग्रहातला’ एवढंच.

2 फेब्रुवारी

पेटी. बाहेरून जहाजी करडा रंग. झाकणाचा एक टवका उडालेला, त्याखाली काळा रंग, त्याखाली पांढरी अक्षरं. मिस्त्रींचं म्हणणं होतं की रंग काढून साग दाखवू, पॉलिश मारू, झकास दिसेल. दिसली असती. पण ती पेटी मग कुठल्याही फर्निचरच्या दुकानातली झाली असती. तीन रंग म्हणजे तिचा तीन ठिकाणचा मुक्काम.

म्हणून झाकणाच्या एका कोपऱ्यात दोन इंची चौकोन फक्त उघडला, तोही पाण्यानं ओला करत पातळ पात्यानं. जुन्या रंगात शिसं असतं. कोरडा सँडपेपर मारला की धूळ छातीत जाते. चौकोनात पायरी-पायरीनं तिन्ही थर दिसतात. अक्षरांपैकी शेवटचे तीन आकडे उघडले, ते पदकाच्या कडेशी जुळले.

आतून पेटीला रंग नाही. स्पिरिटचा बोळा लावला तर चिकट झालं, म्हणजे लाखेचं पॉलिश. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्यांना करतात ते. तिथल्याच एका कारागिराच्या सल्ल्यानं ओरखड्यांवर स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख पातळ हातानं फिरवली. कारण साधं: नवं पॉलिशही उद्या स्पिरिटनं निघेल. पॉलियुरेथेन मारलं असतं तर तो निकाल कायमचा.

झाकणाच्या आतल्या बाजूला काहीच नाही असं वाटत होतं. खोलीत अंधार करून बॅटरी फळीला चिकटवून आडवी धरली तेव्हा पेन्सिलीचे रकाने दिसायला लागले. डावीकडं 1 ते 9, प्रत्येकापुढं तीन मापं, फूट आणि इंचात, इंचाचा आठवा भाग छोट्या आकड्यात. ही होडीची मापं होती: नऊ ठिकाणी रुंदी, खोली आणि काठाची उंची. खाली ‘साग कमी पडला, 7 आंब्याची’ अशी एक ओळ. होडीची सातवी फळी आंब्याची का, हे कोडं तिथं सुटलं. झाकण ओल्या फडक्यानं पुसलं असतं तर हे गेलंच होतं.

16 फेब्रुवारी

हत्यारांचा गंज. लिंबूसत्त्वाचं, म्हणजे सायट्रिक अॅसिडचं पाणी: लिटरला 50 ग्रॅम. पटाश्या आणि रंध्यांची पाती त्यात दोन तास, मध्ये एकदा ब्रश. बाहेर काढून सोड्याच्या पाण्यात बुचकळायची, नाहीतर डोळ्यांदेखत पिवळा गंज परत चढतो. मग कडक उन्हात अर्धा तास आणि लगेच मशिनचं तेल. नमुन्यासाठी भंगारातली एक पटाशी रात्रभर ठेवून पाहिली. सकाळी तिचं अंग करडं आणि खरबरीत, धारेला खळ्या. दोन तासांच्या वर जाऊ नये.

अॅसिडात काय घालायचं नाही: पितळी पाठीची करवत, लाकडी दांडा न निघणारं काहीही, आणि ठसा उमटवलेलं हत्यार. ठसा असलेल्यांना फक्त रॉकेल आणि चार शून्यांची पोलादी लोकर.

फळ्यांच्या सांध्यांत काथ्या किंवा सुताचा पेड ठोकायच्या बोथट लोखंडी पट्ट्या निघाल्या, त्यांच्या डोक्यांना मार खाऊन कणसासारखी झालर आलेली. ग्राइंडरवर ती सरळ करण्याचा मोह आवरला. वापरायच्या हत्याराची झालर काढावीच लागते, तुकडा उडून डोळ्यात जातो. पण मांडून ठेवायच्या हत्याराची कशाला? मोगरीचा दांडा डाव्या अंगाला झिजलेला आहे. तात्या डावखुरे होते हे घरात कुणाला आठवतही नव्हतं, विचारल्यावर काकू म्हणाल्या, “जेवायचे उजव्यानं, पण खिळा कधी उजव्यानं मारला नाही त्यांनी.” दांडा तसाच राहिला.

लाकडी दांड्यांना उकळलेलं जवसाचं तेल. या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली की आपोआप तापून पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत टाका.

9 मार्च

होडी सुलटी केली. कृष्णेतल्या नेहमीच्या होड्यांचा तळ सपाट असतो. ही दोन्ही टोकांना निमुळती आणि फळ्या कौलांप्रमाणं एकीवर एक चढवलेल्या, तांब्याच्या रिवेटांनी शिवलेल्या. नौदलात वल्हवण्याच्या सरावाला 27 फुटी व्हेलर असते, पाच वल्ह्यांची. तिचंच निम्म्या मापाचं रूप. 2005 च्या पुरात हिनं गल्लीत दूध आणि माणसं वाहिली. 2019 ला जिन्याला बांधलेली असताना लोखंडी जाळीवर आपटत राहिली आणि पुढची डावी बाजू फुटली.

नुकसान: दोन फळ्या चिरलेल्या, तीन बरगड्या मोडलेल्या, साठेक रिवेट सैल. यात पुरानं केलेलं कमी आणि नंतरच्या दुरुस्तीनं केलेलं जास्त. कुणीतरी तांब्याच्या रिवेटांशेजारी लोखंडी खिळे मारले. ओलीत तांबं आणि लोखंड शेजारी आलं की लोखंड भराभर सडतं. खिळ्यांभोवती सागाला काळे, भुसभुशीत डाग पडले होते, बोटानं कोरता येतील असे. वर फळ्यांच्या चढींमध्ये दोन भागांची कडक इपॉक्सी पुट्टी भरलेली. फळी पाणी पिऊन फुगते तेव्हा तिला सरकायला जागा लागते. पुट्टी पाचरीसारखी बसली आणि चांगले रिवेटसुद्धा तिनं ओढून सैल केले. पुट्टी गरम पात्यानं खरवडून काढण्यात बरेच दिवस गेले. सगळ्या कामातला सर्वांत वाया गेलेला वेळ हाच.

23 मार्च

असले रिवेट सांगली-कोल्हापुरात तयार मिळत नाहीत. करावे लागले. 10 गेजची तांब्याची तार, 35 मिलिमीटरचे तुकडे, भोक पाडलेल्या लोखंडी पट्टीत धरून एका टोकाला डोकं. चकत्या 18 गेजच्या तांब्याच्या पत्र्यातून 12 मिलिमीटरच्या, तांबटाकडून कापून आणि किंचित वाटीदार करून घेतल्या. चकतीचं भोक 2.8 मिलिमीटर, तार 3.25 ची, म्हणजे चकती तारेवर घट्ट बसते आणि ठोकताना मागं सरत नाही. पहिल्या चकत्यांची भोकं तारेच्याच मापाची पडली होती. त्या घरंगळायच्या. सगळ्या बाद.

तार लाल तापवून पूर्ण मऊ केली तर ठोकताना फळीच्या आतच वाकते. दुकानातून येते तशी निम्मी कडक तार बरी. फळीत आधी 3 मिलिमीटरचं भोक. बाहेरून एकानं दोन किलोचा लोखंडी ठोकळा डोक्याला टेकवून धरायचा, आतून दुसऱ्यानं पोकळ दांड्यानं चकती खाली बसवायची, तार दोन मिलिमीटर शिल्लक ठेवून छाटायची आणि गोल तोंडाच्या हलक्या हातोडीनं बारीक बारीक ठोके. जड हातोडी घेतली की चकती फळीत रुतते आणि फळी चिरते. अंतर मूळचं तीन इंच, तेच ठेवलं.

तांबं दोन किलो: कारागिरीसह 2,900 रुपये.

चिरलेल्या फळीचा सडका भाग काढून नवा तुकडा तिरक्या सांध्यानं जोडला. दहा मिलिमीटरच्या फळीला उतार ऐंशी मिलिमीटर, एकास आठ. साग तेलकट असतो. चिकटवण्याआधी थिनरनं पुसला नाही तर सांधा वर्षभरात उघडतो. जुन्या वाड्याच्या पाडकामातला साग वापरला. नव्याची सावली वेगळी दिसते. ती रंगानं लपवली नाही. कुठलं काम तात्यांचं आणि कुठलं नंतरचं, हे दिसायला हवं.

6 एप्रिल

बरगड्या वाफेवर वाकवणे. वाफेची पेटी म्हणून चार इंची पीव्हीसी पाइप घेतला. तो वाफेनं मऊ पडून मधोमध लोंबला. त्याऐवजी जस्त चढवलेला लोखंडी पाइप, एका टोकाला चिंध्यांचा बोळा, दुसऱ्या टोकाला कुकरची नळी. हिशोब सर्वसाधारण असा: एक इंच जाडीला एक तास. बारा मिलिमीटरच्या पट्टीला अर्धा तास.

वाड्याचा जुना साग वाफेवरही कडाकड मोडला. शंभर वर्षं वाळलेल्या लाकडात वाकण्याइतकी ओलच राहिलेली नसते. मिस्त्रींनी तासगावकडून ताजी कापलेली बाभूळ आणली, सरळ धाग्याची, गाठ नसलेली. ती वाकली. पाइपातून काढल्यापासून जागेवर दाबेपर्यंत अर्धं मिनिट हातात असतं, म्हणून शिकंजे आधीच उघडून ठेवायचे. हातमोजे लागतातच.

20 एप्रिल

बरोबर नोकरी केलेल्या दोघांच्या आठवणी फोनवर रेकॉर्ड केल्या. पंखा बंद, फोन फ्लाइट मोडवर, मध्ये टॉवेल अंथरून त्यावर फोन. ‘तात्या कसे होते?’ असं विचारलं की उत्तर येतं ‘फार चांगले होते’, आणि विषय संपतो. लाकडी बूच हातात दिला तेव्हा गाडी सुरू झाली: पाचरी कुठं टांगलेल्या असत, पाणी शिरल्याचा सराव कसा चाले, टेकूचं माप चुकलं तर चीफ काय बोले. माणसाबद्दल विचारायचं असेल तर वस्तूबद्दल विचारा.

4 मे

पाट्या आणि फ्लेक्स. मजकुराच्या पहिल्या खर्ड्यात ‘1971 च्या युद्धात कराचीवरील हल्ल्यात सहभाग’ असं होतं. गावात सगळे हेच सांगतात. पण छातीवर पूर्वी स्टार आहे. कराचीवर 4 डिसेंबरच्या रात्री गेल्या त्या निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र बोटी, पश्चिमेला. त्याच दिवशी विक्रांत बंगालच्या उपसागरात होती. तिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चित्तगाववर हल्ले चढवले. तात्या विक्रांतवर. मजकूर बदलला. घरच्यांना कराची जास्त आवडत होतं, पण पदक समोर ठेवल्यावर वाद राहिला नाही.

फ्लेक्स छापून आला त्यावर नवी विक्रांत. इंटरनेटवर नाव टाकलं की 2022 मध्ये दाखल झालेली 262 मीटरची नवी विक्रांतच आधी दिसते, आणि दोघींच्या अंगावर क्रमांकही आर 11 च. जुनी 213 मीटरची. ओळखायची खूण: 1971 मध्ये तिच्या नाकाशी डेक सपाट आहे. वर उचललेला उतार 1980 च्या दशकाच्या अखेरीस, सी हॅरियर विमानांसाठी बसवला. म्हणजे जुन्या विक्रांतचाही उतार असलेला फोटो तात्यांच्या काळाचा नव्हे. दुसरा फ्लेक्स 650 रुपये. छापायला देण्याआधी चित्र एका माजी खलाशाला दाखवायचं, ही नोंद आता भिंतीवर लावली आहे.

18 मे

सहा वर्षं कोरडी पडलेली होडी पाण्यात सोडली की चाळणी होते. आधी तिला पाणी पाजावं लागतं. आत ओली पोती पसरली, दिवसातून तीनदा भिजवली. मग आत चार इंच पाणी, त्याच्या वर नाही. एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन. काठोकाठ भरलं तर सैल रिवेट वजनानंच उपटतील. खाली टेकू बरगड्यांच्या रेषेत. पहिल्या दिवशी सगळीकडून धारा, चौथ्या दिवशी थेंब. ही गळती पाहून पुट्टीचा डबा उघडायचा नाही, वाट पाहायची.

बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला उथळ पाण्यात दोन दिवस बांधून ठेवायचा बेत होता. यंदा पावसानं मे महिन्यातच गाठलं, नदीचं पाणी गढूळ झालं आणि वाढायला लागलं. बेत सोडला. काठाजवळ, दोर लावून, जॅकेट घालून एकदाच सोडली. तरंगली. डावीकडं किंचित कललेली. नवी बाभूळ सागापेक्षा जड आहे, त्याचा परिणाम.

8 जून

मांडणी झाली. होडी व्हरांड्यात, पश्चिमेचं ऊन लागणार नाही अशी. आत पाण्याचं पसरट भांडं ठेवलंय, पूर्ण कोरडी होऊ नये म्हणून. ते मे महिन्यात रोज भरावं लागेल, आणि डासांसाठी दर दोन दिवसांनी बदलावं लागेल. पदकं काचेखाली, कड दिसेल अशी उभी. काचेच्या पेटीत सिलिका जेल. निळे खडे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर भाजून परत. कागदांच्या कपाटात डांबराच्या गोळ्या नाहीत, वेखंडाच्या पुरचुंड्या आहेत. झाकणावरच्या पेन्सिलीसाठी शेजारी बॅटरी टांगली आहे, आडवी धरून पाहा असं लिहून.

खर्च सगळा मिळून साडेअठरा हजारांच्या आसपास. त्यात लाकूड आणि मजुरी निम्म्याहून जास्त. कागद, फोटो आणि पदकं यांना मिळून अडीच हजारही लागले नाहीत. पैसे कमी असतील तर होडीसारखं काम थांबू शकतं, कागद थांबू शकत नाहीत.

बाकी काम: मानखुर्दहून नोंदी आल्या की पाटीवरच्या जहाजांची नावं आणि तारखा ताडून घ्यायच्या, तोवर पाटी कागदाचीच, पितळी नको. होडीच्या डाव्या अंगाला सातव्या, आंब्याच्या फळीच्या चढीतून अजून पाझर आहे. तिथले चार रिवेट काढून पुन्हा बसवायचे. तार शिल्लक आहे, चकत्या आणखी कापून घ्याव्या लागतील.